दोन घरचे अंगडे

फार पूर्वी, डोंगरांनासुद्धा अजून नावे पडली नव्हती तेव्हा, एका उंच डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावात माणसे थोडी आणि मेंढ्या फार. थंडी अशी, की सकाळी बोलायला तोंड उघडले तर शब्दाआधी वाफ बाहेर पडायची. गावातल्या प्रत्येक बाईच्या कमरेला विणायच्या सुया खोचलेल्या असत. दुपारी ऊन देवळाच्या कट्ट्यावर आले, की बायकाही लोकर घेऊन कट्ट्यावर येत, आणि ऊन सरकेल तशा सरकत.

त्या गावात एक सुतार होता आणि त्याची बायको होती. गाव तिला सुतारीणच म्हणे. सुतारीण पोटासाठी विणत नव्हती, तिला हौस होती. हौस म्हणजे किती? भाकरी फुगेपर्यंत चार टाके, आमटीला कढ येईपर्यंत एक ओळ. एकदा सुताराच्या आमटीत हिरवा धागा आला. मेथीचे पान असेल म्हणून त्याने तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. बसण्याआधी जागा हाताने चाचपून बघायची सवय त्याला लग्नानंतरच लागली, कारण सुया कुठेही असत.

सुरुवातीला तिचे काय काय झाले ते गावाला पाठ होते. पहिली कानटोपी एवढी मोठी झाली, की शेवटी ती पाण्याच्या रांजणाला घातली. नवऱ्याचे मोजे विणले, तर एक घोट्यापर्यंत आणि एक गुडघ्यापर्यंत. सुतार बिचारा दोन्ही घालून हिंडला. कोणी हसले तर म्हणायचा, "माझा एक पाय जास्त थंडीचा आहे."

पण वीस वर्षांत तिचा हात बसला. असा बसला, की तिच्या विणीतून मोहरीचा दाणा निसटला नसता. टाक्याला टाका चिकटलेला, ओळीला ओळ. गावात तिच्यासारखे विणणारी कोणी नाही, हे सगळ्या मानत. बायका आपापले विणलेले तिच्याकडे आणत. "सुतारीणकाकू, बघा हो, कुठं बिघडलं?" ती कापड उन्हाकडे धरी आणि तिचे बोट नेमके चुकीवर जाऊन पडे. खरे सांगायचे तर विणण्यापेक्षाही तिला हे बोट ठेवणे जास्त आवडे. पण ते तिने कधी कोणाला सांगितले नाही, आणि मला वाटते, स्वतःलाही नाही.

सगळे असे छान चालले होते, आणि मग गावात कुंभारीण आली.

गावातला म्हातारा कुंभार थकला, तेव्हा त्याचा मुलगा नदीपलीकडून बायकोला घेऊन आईबापाकडे परत आला. ही त्याची बायको. दिवसभर मातीत हात, आणि दुपारी हात धुऊन कट्ट्यावर. तिलाही विणायची आवड होती, पण येत मात्र यथातथाच होते. सुलट टाक्यांच्या ओळीत एखादा उलट टाका घुसायचा. लोकर संपली की ती हाताला लागेल त्या रंगाची पुढे जोडायची. विणता विणता बोलायची, बोलता बोलता हसायची, आणि हसण्यात टाके चुकायचे.

तिचा हात मात्र सैल होता. माती जोराने दाबली की रुसते, हे तिच्या बोटांना लहानपणापासून माहीत. लोकरही ती तशीच धरायची. तिने विणलेले ऊबदार व्हायचे आणि अंगात घालताना ओढाताण करावी लागत नसे.

पहिल्या हिवाळ्यात सुतारणीने तिच्याकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या लक्षात आले, की ज्या पाटलाच्या आईला आपण चार जोड मोजे दिले, ती थोरली बाई पायात कुंभारणीचे मोजे घालून देवळात येते. तिसऱ्या हिवाळ्यात कट्ट्यावरच्या बायका कुंभारणीच्या अंगाला अंग लावून बसू लागल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसे झाले. सुतारणीच्या पोटात दुखू लागले.

मत्सर हा फार चिकट पाहुणा असतो बरे का मुलांनो. तो दार ठोठावून येत नाही. आला की आधी आपल्याच ताटात जेवायला बसतो.

एके दिवशी ती घरी आली ती धुसफुसतच.

"अहो, त्या बाईनं विणलेल्या कानटोपीत सतरा चुका आहेत. सतरा!"

सुतार रंधा मारत होता. "मोजल्यास?"

"मोजायला कशाला हवं? दिसतात."

"कोणाच्या डोक्यावर दिसल्या?"

"तुमच्या!"

सुताराने डोक्याला हात लावला. कानटोपी होती खरी. कुंभाराला त्याने चाक दुरुस्त करून दिले होते, तेव्हा कुंभारणीने ती आपण होऊन दिली होती.

"माझी कुठं गेली?" सुतारीण म्हणाली. "मी दिवाळीला विणली होती ती?"

"जपून ठेवली आहे," सुतार हळूच म्हणाला. "सणाला घालीन. ती घातली की मला कमी ऐकू येतं गं. कानाला फार बिलगते."

त्यावर सुतारीण दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. आपली टोपी पेटीत आणि तिची टोपी डोक्यावर, एवढेच शब्द तिच्या मनात फिरत राहिले. चांगले कोण विणते, हे गावाला दिसत नाही का? की दिसते, आणि तरी त्यांना तीच हवी आहे? हा दुसरा प्रश्न मनात आला की तिच्या अंगाचा तिळपापड होई.

अशात तिची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

आता त्या गावात एक रीत होती. नव्या बाळाचे पहिले अंगडे एका बाईने विणायचे नाही. अंगड्याचे दोन तुकडे करायचे, पाठ आणि पोट. पाठ विणायची बाळाच्या आजीने. पोट विणायचे घराबाहेरच्या कोणीतरी, आणि ती कोण हे होणाऱ्या आईने ठरवायचे. पाठीशी घर असावे आणि पोटाशी गाव असावे, असे जुन्या बायका म्हणत. बारशाच्या दिवशी गावातली वैदीणआजी सगळ्यांसमोर दोन्ही तुकडे शिवून जोडी. ते अंगडे घालून बाळाला पहिल्यांदा उन्हात न्यायचे आणि सात घरांचे उंबरे दाखवायचे. म्हणून त्याला दोन घरचे अंगडे म्हणत.

सुतारणीने या दिवसाची वाट किती वर्षे पाहिली होती! कोकराच्या पहिल्या कातरणीची पांढरी मऊ लोकर तिने धनगराकडून आधीच मागून ठेवली होती. वर्षातून एकदाच मिळणारी लोकर ती. स्वतः धुतली, स्वतः कातली. तिला वाटले होते, लेक आपल्या जुन्या मैत्रिणींपैकी कोणाचे तरी नाव घेईल.

वैदीणआजीने विचारले, "पोट कोणाच्या हातचं हवं गं?"

लेक लाजत म्हणाली, "कुंभारीणमावशीच्या."

सुतारणीच्या हातातली परात खाली पडली. पीठ सांडले म्हणून ती ओरडली, पण ती पिठासाठी ओरडली नव्हती. माझ्या पोटची पोर! आणि माझ्याच घरात, माझ्याच नातवंडाच्या अंगावर त्या बाईची वीण! गावाने तिला उचलून धरले ते एक वेळ सोसले, पण लेकीने?

तिने लेकीला कारण विचारले नाही. विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

वैदीणआजीने दोघींना समोरासमोर बसवले. साठ टाके घालायचे आणि शंभर ओळी विणायच्या, असे ठरले. "आणि दर आठ दिवसांनी जुळणी करा बरं का," आजी उठताना म्हणाली. जुळणी म्हणजे दोघींनी भेटून एकीचा तुकडा दुसरीच्या तुकड्यावर ठेवून बघायचा. कुंभारीण आनंदाने हो म्हणाली. सुतारणीने नुसती मान हलवली. मनात म्हणाली, साठ म्हणजे साठ. मला कोणी जुळणी शिकवायला नको.

त्या दिवसापासून ती विणायला बसली, ती मनात एकच चित्र घेऊन. बारशाला गाव जमले आहे. माझी पाठ आणि तिचे पोट शेजारी शेजारी मांडले आहे. माझ्यापुढे तिचे विणलेले गोणपाटासारखे दिसते आहे. आणि लेक खाली मान घालून म्हणते आहे, आई, चुकले माझे. हे चित्र तिला इतके गोड लागे, की ती ते प्रत्येक ओळीला नव्याने बघे. बघताना दात आवळले जात. दातांबरोबर बोटे आवळली जात. बोटांबरोबर लोकर.

एक सुई मोडली. सुताराने दुसरी करून दिली. ती चौथ्या दिवशी मोडली.

"शिसवीची सुई होती," सुतार दोन तुकडे हातात घेऊन म्हणाला. "बैलगाडीखाली आली का?"

"तुमचं लाकूड कच्चं."

"लाकूड पक्कं आहे. तू एवढं कोणाला आवळतेस गं?"

"बाळासाठी विणते आहे मी!"

"असं होय," सुतार म्हणाला आणि तिसरी सुई तासायला बसला. जास्त बोलण्यात अर्थ नाही, हे त्याला वीस वर्षांत कळले होते.

आठ दिवस झाले. कुंभारीण आपला तुकडा पदराखाली घेऊन आली. तिचा आवाज अंगणात ऐकताच सुतारणीने आपला तुकडा गव्हाच्या कणगीत खुपसला.

"अक्का, जुळणी करू या?"

"अजून सुरुवातच झाली नाही बाई. घरात लेक आली आहे, सवड कुठं मिळते?"

आणखी आठ दिवसांनी कुंभारीण परत आली. या वेळी तुकडा पेटीत होता आणि पेटीची किल्ली सुताराकडे होती, असे सुतारणीने सांगितले. पेटीला कुलूप कधीच नव्हते.

तिसऱ्यांदा आली तेव्हा कुंभारणीच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "अक्का, तुम्हाला वेळ नसेल तर माझं इथं ठेवून जाते. सवडीनं तुमच्यावर ठेवून बघा. आणि माझं काही चुकलं असेल तर सांगा. चुका तुमच्याइतक्या कोणाला दिसत नाहीत." एवढे बोलून ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली.

कुंभारणीची पाठ वळताच सुतारणीने तो तुकडा खिडकीशी नेला आणि उन्हाकडे धरला. बोट फिरू लागले. तिसऱ्या ओळीत एक उलट टाका. अठराव्या ओळीत दोन टाके सैल. आणि एकेचाळिसाव्या ओळीत, बगलेजवळ, एक टाका सुईवरून निसटलेला. नुसता लोंबत होता. हळूहळू तो खालच्या ओळींतून उतरत जाणार आणि बाळाच्या अंगड्याला भोक पडणार.

असा टाका सुईच्या टोकाने उचलून जागेवर घालायला चार श्वास लागतात. सुतारणीने आयुष्यात असे हजार टाके उचलले होते, कट्ट्यावर, गप्पा मारता मारता, कोणाकोणाचे. तिचा हात सवयीने कमरेच्या सुईकडे गेला. आणि थांबला.

राहू दे, ती मनात म्हणाली. गाव बघेल. लेकही बघेल.

तिने तो टाका आत जाईल अशी तुकड्याची नीट घडी घातली. दुसऱ्या दिवशी कुंभारीण न्यायला आली, तेव्हा घडी तिच्या हातात देत सुतारीण म्हणाली, "छान झालं आहे."

इतकी वर्षे ती साऱ्या गावाला चुका दाखवत आली. आणि ज्या दिवशी खरोखर दाखवायला हवी होती, त्या दिवशी म्हणाली, छान झालं आहे!

पुढे लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. गुबगुबीत, रुंद खांद्यांची, आजीच्या दोन्ही तळव्यांत न मावणारी.

बारशाला सुताराचे अंगण बायकांनी भरून गेले. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, पाळण्याची दोरी ओढली गेली, घुगऱ्या वाटल्या. मग वैदीणआजी मोठी सुई ओवून पाटावर बसली.

"आणा गं पोरींनो."

सुतारणीने आपली पाठ पितळी ताटात, वर रेशमी रुमाल झाकून आणली. रुमाल काढला तेव्हा बायकांच्या तोंडून "अगंबाई!" निघाले. पांढरीशुभ्र, एकसारखी, चकचकीत वीण. असे काम त्या गावात कधी झाले नव्हते. सुतारणीचा ऊर भरून आला. तिने लेकीकडे पाहिले, मग कुंभारणीकडे, आणि मग कुंभारणीच्या हातातल्या तुकड्याकडे. नजर सरळ एकेचाळिसाव्या ओळीवर गेली.

टाका जागेवर होता. तिथे फक्त एक बारीकशी गाठ दिसत होती.

"एक टाका निसटला होता," कुंभारीण ओशाळून म्हणाली. "उचलून घेतला आहे. गाठ जरा दिसते."

सुतारणीचे तोंड उतरले. पण ठीक आहे, तिने स्वतःला समजावले, वीण शेजारी आली की फरक दिसेलच. हातच्या काकणाला आरसा कशाला?

वैदीणआजीने पोट पाटावर पसरले आणि त्यावर पाठ ठेवली.

मागच्या बायका बघायला पुढे सरकल्या.

पाठ चार बोटे अरुंद होती आणि अर्धी वीत आखूड होती.

आजीने ती फिरवून ठेवली. उलटी करून ठेवली. मग तिने टाके मोजले. साठ. खालचे मोजले. साठ. ओळी दोन्हीकडे शंभर. तिने पाठीची दोन टोके धरून ओढले. तो तुकडा चपलेच्या तळव्यासारखा होता, केसभर हलला नाही. शेवटी तिने बाळाला पालथे मांडीवर घेतले आणि पाठ तिच्या पाठीवर ठेवली. एका खांद्यापासून निघाली, ती दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचलीच नाही.

"टाके साठच आहेत," आजी म्हणाली. "पण हात दोन आहेत ना. म्हणून तर जुळणी करायची असते. जुळणी झाली नाही का गं?"

कुंभारणीने खरे काय ते सांगायला हवे होते, पण ती एवढेच म्हणाली, "आजी, मी माझं उसवते. अक्कांच्या मापानं परत विणते."

"तुझं उसवून काय करू? पोरीचे खांदे उसवून लहान करता येतात का?"

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

सुतारीण त्या दोन तुकड्यांकडे बघत उभी होती. हाच तुकडा आपल्या हातात होता. दिवसभर होता. आपला दहा पावलांवर पेटीत होता. नुसता उचलून वर ठेवला असता तर! तिला त्या तुकड्यातली तिसरी ओळ आठवत होती, अठरावी आठवत होती, एकेचाळिसावी आठवत होती. तो केवढा होता, हेच तिने पाहिले नव्हते.

"आई," लेक बाजेवरून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "तुला राग आला होता ना, मी मावशीचं नाव घेतलं म्हणून?"

सुतारीण ताटातल्या रेशमी रुमालाची घडी घालू लागली.

"लहानपणी तुझे मोजे घातले की माझ्या पायांवर वळ उठायचे. पण त्या मोज्यांनी मी बर्फातून चालले तरी पाय कधी भिजला नाही. म्हणून मला वाटलं, माझ्या बाळाची पाठ तुझ्याच हातची असू दे, घट्ट. वारा लागायला नको. आणि पोटाशी मावशीचं असू दे, सैल. तिला श्वास घेता यायला हवा. दोन्ही मिळतील म्हणून मी नाव घेतलं. तुला कमी लेखून नाही गं."

हे ऐकून सुतारणीच्या जिवाचे पाणी पाणी झाले. ज्या मानासाठी ती आतल्या आत जळत होती, तो लेकीने तिला आधीच दिला होता.

ती कुंभारणीपुढे गेली. साऱ्या बायका ऐकत होत्या, तरी तिने आवाज बारीक केला नाही.

"तुझा निसटलेला टाका मी बघितला होता. मुद्दाम सांगितला नाही. आणि तीन वेळा तू आलीस, तीन वेळा मी खोटं बोलले."

"मला कळलं होतं अक्का," कुंभारीण म्हणाली. "टाका आत दडेल अशी घडी माझी नव्हती. फार राग आला मला. दोन दिवस माझं एकही मडकं सरळ आलं नाही. रागात मीही परत विचारायला आले नाही. यायला हवं होतं."

ऊन अंगणाच्या कडेला पोचले होते. ते गेले की बारशाचा दिवस गेला. वैदीणआजीने कुंभारणीचे पोट बाळाच्या पुढून बांधले, मागे दोन नाड्या ओढून घेतल्या. मागून बाळ उघडेच होते.

"पाठ आजीच्या वाट्याची असते," ती सुतारणीला म्हणाली. "तुझा वाटा तूच झाक. धर हात, आणि चल."

सुतारणीने नातीला छातीशी घेतले आणि आपला तळवा तिच्या उघड्या पाठीवर ठेवला. डोंगरावरून वारा सुटला होता. हात थोडा जरी सरकला तरी बाळ शहारे. म्हणून ती हात न हलवता, पाऊल जपत चालली. पदर सावरता आला नाही, डोळे पुसता आले नाहीत. मागून सगळ्या बायका.

रीतीप्रमाणे प्रत्येक उंबऱ्यावर घरची थोरली बाई अंगडे हातात धरून बघते आणि विचारते, "पोट कोणाचं, पाठ कोणाची?" पहिल्या घरी विचारले, "पाठ कुठं आहे?"

सुतारीण म्हणाली, "माझ्याकडून लहान झाली."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. पाटलाच्या आईने विचारले तेव्हा तिच्या पायातले मोजे सुतारणीला दिसले, पण या वेळी तिने त्यांतल्या चुका मोजल्या नाहीत. बोटे गारठून बधिर झाली होती. तळव्याखाली मात्र नातीची पाठ ऊबदार होती, आणि ती तेवढेच सांभाळत होती.

सातवा उंबरा कुंभाराचा. कुंभारणीच्या सासूला ऐकू कमी येई. तिथे सुतारणीला तेच उत्तर तीन वेळा द्यावे लागले, आणि तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्याने, की ते साऱ्या गावाने ऐकले.

दुसऱ्या दिवशी तिने आपली ती देखणी पाठ उसवायला घेतली. इतकी आवळलेली लोकर, ती पटापट तुटत गेली. निम्मीसुद्धा हाताला लागली नाही, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर पुढच्या वर्षापर्यंत मिळणार नव्हती. ती उठली, कुंभाराच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "तुझ्याकडे उरलेली आहे का गं थोडी? कसल्याही रंगाची चालेल."

उरली होती, ती विटकरी होती. सुतारीण नवी पाठ विणायला बसली, आणि दर दहा ओळींनी आपला तुकडा कुंभारणीच्या तुकड्यावर ठेवून बघे. अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत बाळाला उन्हात नेले, की त्याच्या पाठीवर आजीचा तळवा असे. गावात त्यानंतर पुष्कळ बारशी झाली, पण उघड्या पाठीने सात उंबरे पाहिलेली मुलगी ती एकटीच.

आणि म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याच्या चुका मोजत बसतो, त्याचे स्वतःचेच माप चुकते.